शिकारीला जाताना दुर्बीण अंगावर कशी बाळगावी?

पायवाट

शिकारीच्या सामानाचा विषय निघाला की रायफल, काडतुसं आणि बूट यांवर भरभरून लिहिलं जातं. दुर्बीण कोणती घ्यावी यावरही वाद रंगतात. पण घेतलेली दुर्बीण दिवसभर अंगावर ठेवायची कशी, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते हा प्रश्न आधी सुरक्षिततेचा आणि मग आरामाचा आहे, म्हणून हा वेगळा धागा. (जिथे शिकार कायदेशीर आहे आणि परवाना हातात आहे, तिथलंच हे बोलणं आहे. पक्षीनिरीक्षकांनी आणि डोंगर भटकणाऱ्यांनीही जरूर लिहावं, कारण बरेचसे प्रश्न सगळ्यांचे सारखेच आहेत.)

सुरक्षिततेचा प्रश्न का म्हणतो ते सांगतो. झुडपामागे काहीतरी हलतं. दुर्बीण पाठीवरच्या पिशवीत असते, रायफल हातात असते आणि तिच्यावर स्कोप (नेम धरायची छोटी दुर्बीण) बसवलेला असतो. अशा वेळी बहुतेक माणसं रायफल उचलून स्कोपमधूनच बघतात. म्हणजे काय आहे हे कळायच्या आत भरलेल्या रायफलची नळी त्यावर रोखलेली असते. झुडपामागे दुसरा शिकारी असू शकतो, सरपण गोळा करणारा माणूस असू शकतो, कुणाचा कुत्रा असू शकतो. ज्याला मारायचं नाही त्यावर नळी रोखायची नाही, आणि लक्ष्य काय आहे व त्याच्यामागे काय आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही, हे दोन नियम शिकारीला पहिल्या दिवशी शिकवतात. स्कोपमधून ओळख पटवू पाहणारा माणूस दोन्ही एकदम मोडतो. ओळख पटवायची दुर्बिणीने, स्कोप फक्त नेम धरायला.

हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी पाळलं जात नाही. कारण साधं आहे, दुर्बीण पटकन हाताला येत नाही. म्हणून दुर्बीण बाळगायच्या कुठल्याही पद्धतीला माझी एकच कसोटी असते. एका हाताने, खाली न बघता, आवाज न करता ती डोळ्याला लागली पाहिजे, आणि तेवढा वेळ दुसऱ्या हातातल्या रायफलची नळी सुरक्षित दिशेलाच राहिली पाहिजे. या कसोटीवर पिशवीतली दुर्बीण नापास. जाकिटाच्या चेन लावलेल्या खिशातली जवळजवळ नापास.

आता वजन. शिकारीसाठी बहुतेक जण ८x४२ किंवा १०x४२ वापरतात (पहिला आकडा चित्र किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलीमीटरमध्ये). ती साधारण ६५० ते ८५० ग्रॅम भरते. ८x३२ त्याहून बरीच हलकी असते, पण जनावरं हलतात ती पहाटे आणि तिन्हीसांजेला, आणि तेव्हा मोठ्या भिंगाचा फरक पडतो. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ मिलीमीटर. डोळ्यात शिरणारी प्रकाशाची शलाका एवढी रुंद असते. ३२ ला ८ ने भागलं की ती ४ मिलीमीटरच उरते. कमी उजेडात डोळ्याची बाहुली मोठी होते, तेव्हा ही जास्तीची रुंदी कामाला येते. म्हणून मी वजनाची तक्रार न करता ४२ चीच बाळगतो आणि ते वजन नीट वाटलं कसं जाईल एवढंच बघतो.

माझी सध्याची पद्धत म्हणजे छातीवरचा बंद पाऊच. त्याचे पट्टे दोन्ही खांद्यांवरून पाठीमागे जातात आणि बाजूने पुढे येऊन पाऊचला जोडले जातात. वजन खांद्यांवर येतं, मान मोकळी राहते. वाकलो तरी दुर्बीण लोंबकळत नाही, दगडावर आपटत नाही, रायफलच्या लाकडावर खट्टकन वाजत नाही. झाकण एका हाताने उघडतं.

तुम्ही कसं बाळगता? विशेषतः धनुष्यवाले, मचाणावर बसणारे आणि चढउताराच्या मुलखात चालणारे यांच्याकडून ऐकायला आवडेल.

---

डोंगरकडा

स्कोपबद्दल लिहिलंत ते शंभर टक्के मान्य. पण पाऊचबद्दल माझं मत वेगळं आहे.

मी उभ्या उतारांच्या भागात फिरतो. छातीवर जाडजूड पाऊच असला की उतरताना स्वतःचे पाय दिसत नाहीत. सैल दगडांच्या उतारावर पुढचं पाऊल कुठे पडतंय हे न दिसणं ही छोटी गोष्ट नाही. आपटलेली दुर्बीण दुरुस्त होते, निसटलेल्या माणसाचं तसं नाही. शिवाय चढताना छातीवर घाम साचतो तो वेगळाच.

माझी पद्धत जुनी आहे. दुर्बिणीचा नेहमीचाच पट्टा थोडा लांब करून एका खांद्यावरून तिरका घालायचा, म्हणजे दुर्बीण विरुद्ध बाजूच्या काखेखाली येते. मी रायफल उजव्या खांद्याला अडकवतो, म्हणून दुर्बिणीचा पट्टा डाव्या खांद्यावरून घेतो आणि दुर्बीण उजव्या कोपराच्या आत येते. एकाच खांद्यावर दोन्ही पट्टे घेतले की रायफलचा पट्टा दुसऱ्या पट्ट्यावरून सारखा घसरतो आणि तो सावरायच्या नादात नळी कुठेही फिरते. हे नवीन लोकांनी ध्यानात ठेवावं.

सरपटत जायचं असेल तर हीच दुर्बीण पाठीवर सरकवायची. पोटाखाली काही येत नाही.

---

पायवाट

@डोंगरकडा, पाय न दिसण्याचा मुद्दा खरा आहे. पाऊच जितका खाली तितका त्रास जास्त. मी तो बराच वर घेतो, झाकण गळ्याच्या खळगीपासून वीतभर खाली येईल इतका. तरी तुमच्यासारख्या उतारावर तिरका पट्टा बरा, हे मानतो. पण तिरक्या पट्ट्यात दुर्बीण उघडी राहते आणि झुडपात अडकते, त्याचं काय करता?

---

डोंगरकडा

दाट झाडीत मी ती जाकिटाच्या आत घेतो आणि वरची दोन बटणं उघडी ठेवतो. उघड्या माळावर आणि डोंगराच्या धारेवर प्रश्नच येत नाही. आत घेतली की भिंगावर वाफ धरते, हेही खरं. सगळीकडे एकच पद्धत चालत नाही एवढंच माझं म्हणणं.

---

टिटवी

मी शिकार करत नाही, पक्षी बघते. पण दिवसभर दुर्बीण अंगावर असते म्हणून लिहिते.

पायवाट यांचा पाऊच आणि डोंगरकडा यांचा तिरका पट्टा यांच्या मधला एक पर्याय राहिला, तो म्हणजे पाऊच नसलेला साधा हार्नेस. दोन लवचीक पट्टे पाठीवर फुलीसारखे एकमेकांना छेदतात आणि पुढे दुर्बिणीच्या दोन्ही कड्यांना अडकतात. मानेवर काहीच येत नाही, छातीवर ढीग होत नाही, पायही बरेचसे दिसतात. उचलताना पट्टे ताणले जातात किंवा कड्यांमधून सरकतात, त्यामुळे दुर्बीण सहज डोळ्यापर्यंत येते.

त्याचा आणखी एक उपयोग फार कमी लोकांना माहीत असतो. दुर्बीण डोळ्याला लावल्यावर ती पट्ट्याच्या ताणाविरुद्ध किंचित पुढे ढकलायची. ताणामुळे हाताची थरथर बरीच कमी होते. १०x मध्ये फरक लगेच कळतो. बसून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून हेच केलं तर चित्र आणखी स्थिर होतं.

स्त्रियांसाठी एक सूचना. पुष्कळसे हार्नेस पुरुषांच्या अंगाच्या मापाने शिवलेले असतात. पुढचे पट्टे छातीच्या मधून सरळ खाली आले तर दिवसभर काचतात. पाठीवरची फुली थोडी वर घेतली आणि पुढचे पट्टे बाजूला, बगलेकडे गेले की काचणं थांबतं. दुकानात घालून बघताना नुसतं उभं राहू नका. वाका, बसा, हात वर करा, मग ठरवा.

आणि आयपीसवरचं, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगांवरचं रबरी झाकण. गळ्यात किंवा छातीवर लटकलेल्या दुर्बिणीचे आयपीस वर तोंड करून असतात. पाऊस, झाडावरून पडणारा कचरा, खाताना सांडलेले कण, सगळं तिथेच पडतं. हे झाकण एका बाजूने पट्ट्यात ओवलेलं असावं, म्हणजे हरवत नाही आणि अंगठ्याने उडवता येतं.

---

फिजिओ_मी

मानेबद्दल थोडं. पाऊण किलो वजन फार नाही असं वाटतं, पण ते मानेच्या मागे एका अरुंद पट्ट्यावर तासन्‌तास असतं आणि डोकं पुढे ओढतं. डोकं पुढे गेलं की ते सावरायला मानेचे आणि खांद्यांचे स्नायू सतत ताणलेले राहतात. संध्याकाळी डोकं जड होणं, खांद्याच्या वरच्या भागात गाठी आल्यासारखं वाटणं हे त्यातून येतं. मणक्याचा जुना त्रास असणाऱ्यांच्या हाताला मुंग्याही येऊ शकतात. हातात मुंग्या किंवा अशक्तपणा असेल तर पट्टा बदलून बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

रुंद, मऊ पट्ट्याने त्वचेवरचा दाब कमी होतो, वजन कमी होत नाही. आणि जो पट्टा जास्त ताणला जातो त्यावर दुर्बीण चालताना खालीवर उसळते, म्हणजे दर पावलाला मानेला हलका झटका बसतो. गळ्यात अडकवायचीच असेल तर पट्टा आखूड ठेवा. दुर्बीण छातीच्या मध्यावर टेकली पाहिजे, पोटावर नाही.

---

धनुर्धर

धनुष्यवाल्यांबद्दल विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. आमच्यासाठी हा जास्त गंभीर मामला आहे.

धनुष्याची दोरी पूर्ण ओढल्यावर चेहऱ्याला लागते आणि सुटल्यावर छातीच्या अगदी जवळून पुढे जाते. वाटेत पट्ट्याचं लोंबणारं टोक, पाऊचचा कोपरा, झाकणाची दोरी, काहीही आलं तरी बाण भलतीकडे जातो. कंपाउंड (टोकांना चाकं असलेल्या) धनुष्यात दोरी चाकावरून उतरू शकते, आणि त्या ताणाखाली काही तुटलं तर जखम होते. बाण भलतीकडे गेला की जनावर जायबंदी होऊन निघून जातं, मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याची डावी बाजू लक्ष्याकडे असते आणि दोरी छातीच्या डाव्या भागाजवळून जाते. म्हणून पाऊच उजवीकडे सरकवायचा आणि घट्ट बसवायचा. डावखुऱ्यांनी उलट. पट्ट्यांची उरलेली टोकं दुमडून रबरी कड्यात अडकवायची किंवा कापून आचेवर वितळवून घ्यायची. सैल टोक एकही नको.

मोसमाआधी पूर्ण कपडे, जाकीट, हार्नेस, सगळं घालून सराव करा. नुसतं उभं राहून नाही, तर गुडघ्यावर बसून, खुर्चीवर बसून आणि कमरेत वाकून खाली नेम धरून. उभं राहून जी दोरी पाऊचला बोटभर अंतर ठेवून जाते, तीच वाकल्यावर पाऊचला घासते. आणि ही तपासणी करताना दोरीवर बाण असलाच पाहिजे, तोंड सुरक्षित लक्ष्याकडे, आणि ओढलेली दोरी हळूहळू परत आणायची. बाणाविना दोरी सोडली तर धनुष्य फुटू शकतं.

---

पायवाट

@धनुर्धर, फार उपयोगी लिहिलंत. रायफलवाल्यांसाठी त्यातलाच एक भाग जोडतो.

रायफलचा दस्ता खांद्याच्या ज्या खोलगट जागी बसतो, तिथे हार्नेसची बकल किंवा पट्टा लांब-आखूड करायची पट्टी येता कामा नये. आली तर दस्ता दर वेळी वेगळ्या जागी बसतो, नेम बिघडतो आणि धक्क्याने तीच बकल खांद्यात रुतते. माझ्या हार्नेसमध्ये ती बरोबर तिथेच येत होती. पट्टे वरून आखूड आणि बाजूने लांब केले, तशी ती काखेकडे सरकली. घरी, रिकाम्या रायफलने (रिकामी असल्याची दोनदा खात्री करून) खांद्याला लावून बघा.

पोटावर झोपून गोळी मारायची असेल तर पाऊच अंगाखाली येतो आणि छाती उचलून धरतो. झोपण्याआधी तो एका बगलेत सरकवायचा. सरकत नसेल इतका घट्ट बांधला असेल तर एका बाजूची बकल सोडायची सवय करून घ्या.

सैल दोऱ्यांबद्दल धनुर्धर यांनी लिहिलं ते आपल्यालाही तितकंच लागू आहे. झाकणाची लवचीक दोरी किंवा भिंगाच्या टोपणाची दोरी चापाच्या जागी अडकू शकते. रायफल छातीशी आडवी धरून चालणाऱ्यांनी हे बघाच.

---

मचाणावरून

माझी बहुतेक शिकार झाडावरच्या मचाणावरून होते. तिथले नियम थोडे वेगळे.

चढताना अंगावर पडण्यापासून वाचवणारा पूर्ण शरीराचा सुरक्षा-पट्टा असतोच, आणि तो जमिनीवरून पाय उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत दोरीला जोडलेला राहिला पाहिजे. दुर्बिणीचा हार्नेस त्याच्या वरून घालायचा, खालून कधीच नाही. सुरक्षा-पट्ट्याची छातीवरची बकल पाऊचखाली दबून गेली तर गरज पडेल तेव्हा ती सापडत नाही. दुर्बिणीचे पट्टे स्वतंत्रपणे, एका झटक्यात सुटले पाहिजेत.

गळ्यात पट्टा घालून चढू नका. पाय सटकला आणि तो पट्टा फांदीत किंवा शिडीच्या दांड्यात अडकला तर सगळा भार गळ्यावर येतो. मी तर पाऊचसुद्धा घालून चढत नाही. दुर्बीण पिशवीत, पिशवी दोरीला, आणि वर बसून सुरक्षा-दोरी नीट बांधल्यावर ओढून घेतो. रायफलही तशीच, पूर्ण रिकामी करून आणि नळी माझ्याकडे येणार नाही अशी बांधून.

वर बसल्यावर दुर्बीण गळ्यात चालते, कारण चालायचं नसतं. पण तिला बांधून ठेवणारं काहीतरी हवंच. बोटं गारठलेली असतात, दुर्बीण निसटते, आणि खाली कुणी उभं असू शकतं.

---

जुना_माग

पाऊचच्या झाकणाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

चिकटपट्टीचं, म्हणजे वेल्क्रोचं झाकण शिकारीला निरुपयोगी. ती चर्रर्र करून उघडते आणि समोरचं हरीण कान टवकारतं. दुसरा प्रकार आकड्यात अडकणाऱ्या लवचीक दोरीचा. तो शांत असतो, पण जाड हातमोज्यात चाचपडावं लागतं. तिसरा चुंबकाचा. तो एका हाताने, विनाआवाज उघडतो आणि आपोआप बंद होतो. सध्या लोक तोच पसंत करतात.

पण चुंबकाचे धोके माहीत असू द्या. होकायंत्र छातीजवळ धरून वाचलं तर सुई चुकीची दिशा दाखवते. पाऊचपासून लांब, हात पूर्ण पुढे करून वाचा आणि होकायंत्र कधीही पाऊचच्या खिशात ठेवू नका. ज्यांना पेसमेकर किंवा हृदयाचा ठोका सावरणारं यंत्र बसवलंय त्यांनी छातीवर चुंबकाचा पाऊच घालूच नये. अशा यंत्रापासून चुंबक निदान १५ सेंटीमीटर दूर ठेवायला सांगतात, आणि छातीवरचा पाऊच नेमका त्याच्यावर येतो. बर्फाळ डोंगरात हिमस्खलनात शोधासाठी वापरतात तो ट्रान्सीव्हर असेल तरी हाच प्रश्न. तो संदेश पाठवत असताना धातू, चुंबक आणि फोन २० सेंटीमीटर लांब हवेत, आणि शोधताना ५० सेंटीमीटर.

---

पायवाट

पेसमेकरचा मुद्दा माझ्या मनातच आला नव्हता. वडीलधाऱ्यांना पाऊच भेट देणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

---

नवशिका

सगळं वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. दोन प्रश्न आहेत. पाठीवर मोठी पिशवी असताना हार्नेस आधी घालायचा की पिशवी? आणि पट्टे किती घट्ट ठेवायचे? घट्ट केले तर चढताना श्वास कोंडतो, सैल केले तर पाऊच उड्या मारतो.

---

डोंगरकडा

आधी हार्नेस, त्यावर पिशवी. उलट केलं तर पिशवी उतरवताना दर वेळी दुर्बीण काढावी लागते, आणि नेमकी विसावा घ्यायला बसलात की जनावर दिसतं. पिशवी खाली ठेवली तरी दुर्बीण अंगावर राहिली पाहिजे.

पण हार्नेसची पाठीवरची जोडणी पिशवीखाली येते. ती कडक प्लॅस्टिकची किंवा धातूच्या कडीची असेल तर मणक्यात रुतते. सपाट कापडाची किंवा चामड्याची बघा. पिशवीचा छातीवरचा आडवा पट्टा पाऊचच्या वरच्या बाजूला, गळ्याकडे घ्या, पाऊचच्या खालून किंवा पाऊचवरून ओढून नाही. ओढा ओलांडताना पिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून ठेवतात, तेव्हा दुर्बिणीचंही एक बकल सोडा. पाण्यात पडलात तर सगळं झटकन फेकता आलं पाहिजे.

घट्टपणाबद्दल: पूर्ण श्वास आत घ्या आणि तेव्हा पट्टा बसवा, सोडलेल्या श्वासावर नाही. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. जाड कपड्यांवर बसवलेला हार्नेस दुपारी जाकीट काढल्यावर सैल होतो, तेव्हा पुन्हा ओढून घ्यावा लागतो. यात काही सुटका नाही.

---

टिटवी

@डोंगरकडा यांनी आधी वाफेचा उल्लेख केला होता, त्यावर.

दुर्बिणीत नायट्रोजन किंवा आरगॉन भरलेला असतो म्हणून ती धुरकट होत नाही, असं विक्रेते सांगतात. ते आतल्या बाजूबद्दल खरं आहे. बाहेरच्या काचेवर तुमच्या अंगाची वाफ आणि श्वास बसणारच. थंडीत चढण चढून आलात की अंगातून वाफ निघते, ती पाऊचमध्ये कोंडते, आणि नेमकं बघायच्या वेळी आयपीस पांढरा होतो. माथ्यावर पोचायच्या थोडं आधी पाऊचचं झाकण उघडून हवा खेळू द्या. डोळ्याला लावलेली असताना श्वास खालच्या दिशेने सोडा. कडाक्याच्या थंडीत भिंगावर फुंकर मारून पुसू नका, ती ओल तिथेच गोठते.

बाहेरच्या थंडीतून गरम खोलीत येताना दुर्बीण पिशवीतच बंद राहू द्या आणि हळूहळू गरम होऊ द्या. लगेच बाहेर काढली तर सगळीकडे दव धरतं.

पुसताना आधी धूळ फुंकणीने किंवा मऊ ब्रशने उडवायची, मगच कापड लावायचं. शर्टाच्या टोकाने कोरडं पुसणं म्हणजे वाळूने भिंग घासणं.

---

रानमोड्या

वाचनमात्र होतो, एक शंका विचारतो. माझी दुर्बीण खडकावर आपटली. वरून काही दिसत नाही, पण बघताना थोड्या वेळाने डोळे दुखतात. बिघडली असेल का?

---

टिटवी

शक्यता आहे. आपटल्यावर दोन्ही नळ्या एकमेकींना समांतर राहत नाहीत. डोळे दोन प्रतिमा ओढून एक करतात आणि त्यातून डोकेदुखी होते. थोडासाच फरक असेल तर डोळे तो लपवतात, म्हणून तपासायची एक रीत आहे. दूरची एखादी आडवी, स्पष्ट रेषा निवडा, जसं छताची कड किंवा तार. दुर्बीण डोळ्याला लावून रेषा बघा, मग ती स्थिर धरून हळूहळू डोळ्यांपासून लांब न्या. रेषेचे दोन तुकडे झाले आणि एक वर, एक खाली दिसला तर नळ्या हलल्या आहेत. घरी उघडू नका, आत भरलेला वायू निघून जातो आणि प्रिझम परत बसवायला उपकरणं लागतात. कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात द्या.

---

धनुर्धर

आणखी दोन गोष्टी राहिल्या.

नारिंगी रंग. जिथे शिकाऱ्याने चमकदार नारिंगी घालणं बंधनकारक आहे, तिथे बऱ्याचदा छाती, पाठ आणि डोक्यावर किती क्षेत्रफळ हवं हेही ठरलेलं असतं. मातकट किंवा झाडापानांच्या रंगाचा पाऊच छातीवर घातला की नारिंगी जाकिटाचा मोठा भाग झाकला जातो. समोरून येणाऱ्या शिकाऱ्याला तुम्ही दिसत नाही, आणि नियमही मोडतो. नारिंगी पाऊच किंवा पाऊचवर चढवायचं नारिंगी आवरण मिळतं, ते वापरा.

दुसरं, पाऊच घालून गाडी चालवू नका. सीटबेल्टखाली छातीवर पाऊण किलोची कडक वस्तू असेल तर अपघातात पट्ट्याचा दाब आणि एअरबॅगचा धक्का तिच्यावरून छातीवर येतो. शिकारीच्या मुक्कामापर्यंतचा रस्ता थोडाच असला तरी उतरवून ठेवा.

---

जुना_माग

गाडीवरून आठवलं. उन्हात बंद गाडीच्या काचेजवळ दुर्बीण ठेवू नका. उष्णतेने आतलं वंगण पातळ होतं आणि रबर सुटतं. पुढच्या भिंगावर थेट ऊन पडत असेल तर ते एका ठिकाणी एकवटून वस्तू जाळू शकतं.

---

नवशिका

@डोंगरकडा, श्वास घेऊन पट्टा बसवला, पाऊच उड्या मारायचा थांबला. धन्यवाद. शेवटचा प्रश्न. मी डावखुरा आहे, रायफल डाव्या खांद्याला लावतो. दुर्बीण कुठल्या हाताने काढायची सवय लावू?

---

पायवाट

उजव्या हाताने. डावा हात रायफलच्या मुठीवर राहतो, बोट चापाबाहेर, नळी खाली किंवा मोकळ्या बाजूला. उजव्या हाताने झाकण उघडायचं, दुर्बीण काढायची, बघायचं. म्हणून पाऊच घेताना झाकण उजव्या हाताने सरळ उघडतं का ते बघा. काही झाकणांचा ओढायचा पट्टा एका बाजूलाच असतो. शरीराकडून पुढे उघडणारं झाकण डाव्या-उजव्या दोघांनाही सारखंच सोयीचं, पण ते उघडं राहिलं तर पुढे लोंबतं. शरीराकडे उघडणारं झाकण छातीवर टेकून राहतं, मात्र घामाच्या वाफेला तेच जास्त अडवतं.

घरी रिकाम्या रायफलने सराव करताना डोळे मिटून करा. हात बरोबर झाकणावर गेला पाहिजे. तो चाचपडत असेल तर पाऊच आणखी वर किंवा मध्यावर घ्या आणि पुन्हा करून बघा. दुर्बीण परत ठेवण्याचाही सराव करा. बहुतेक जण काढण्याचाच करतात आणि जनावर जवळ आलं की ती हातात घेऊन अडकून पडतात.